तळ्यातल्या ट्राउटसाठी लीडर-टिपेट कुठलं घ्यायचं?

सोनमर्गहून काश्मीर ग्रेट लेक्सच्या ट्रेकला निघालेले बरेच जण आता सॅकमध्ये चार तुकड्यांचा फ्लाय रॉडही (नकली माशी फेकून मासा धरायची काठी) टाकतात, आणि आमच्या दुकानात आले की पहिला प्रश्न ठरलेला: हे टिपेट (माशीला बांधायचा बारीक तंगूस) किती किलोचा मासा पेलेल? प्रश्नच उलटा आहे हो. विशनसर, किशनसर, गंगबलचे ब्राउन ट्राउट वजनाने तंगूस तोडत नाहीत, झटक्याने तोडतात नाहीतर आपल्या कच्च्या गाठीवर तोडतात. त्यामुळे टिपेट ठरवायचं ते माशी, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, केवढी आणि पाणी कसं आहे यावरून, मासा केवढा यावरून नाही.

लीडर म्हणजे लाइनकडे (रॉडवरून फेकायची जाड दोरी) जाड आणि पुढे निमुळता होत गेलेला तंगूस, त्याचं शेवटचं बारीक टोक ते टिपेट. नेहमीचा लीडर ९ फुटी, म्हणजे साधारण दीड वाव. नदीत प्रवाह असतो, माशाला बघायला वेळ मिळत नाही, पण तळ्यात तो काठाकाठाने फिरत येतो आणि माशी निवांत न्याहाळतो. म्हणून पाणी आरशासारखं असेल तर टिपेट जोडून लीडर १२ फुटांपर्यंत न्या.

आता एक्सचा, म्हणजे टिपेटच्या जाडीच्या नंबरचा, घोळ. आकडा वाढला की टिपेट बारीक, इथे सगळेच फसतात. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, येईल ती इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी. ४ एक्स म्हणजे ७ हजारांश, ०.१८ मिमी, ताकद साधारण ६ पौंड, पण ब्रँडगणिक फरक पडतो म्हणून रिळावरचा मिमीचा आकडा बघूनच घ्या. माशीच्या गळाचा नंबर (हाही वाढला की गळ बारका) भागिले ३ केलं की साधारण एक्स मिळतो. १२ नंबरला ४ एक्स, १६ ला ५ एक्स. फार बारीक टिपेटवर मोठी माशी बांधली की फेकताना गरगरते, पीळ पडतो, आणि जाड टिपेटवर बारकी माशी काडीसारखी ताठ दिसते.

दुपारी वारं सुटून पाण्यावर लहरी आल्या की बिनधास्त एका एक्सने जाड लावा, ५ च्या जागी ४, माशाला तेवढं दिसत नाही. वूली बगरसारखी पाण्याखालची मोठी माशी ओढत आणत असाल तर ३ एक्सच, कारण लाइन ताणलेली असते, रॉडचं टोक माशीकडे असतं आणि मासा घेऊन वळला की झटका थेट टिपेटवर बसतो, रॉडला वाकायला वेळच मिळत नाही. ६ एक्स आम्ही सहसा देतच नाही. मासा सोडायचा असेल तर बारीक टिपेटवर खेळवत बसल्याने तो पार दमतो, मग सोडून उपयोग काय?

नायलॉन की फ्लोरोकार्बन? फ्लोरो जड, बुडतं, पाण्यात कमी दिसतं, म्हणून पाण्याखालच्या माशीला चांगलं. तरंगत्या माशीला मात्र नायलॉनच, नाहीतर टिपेट तिला खाली खेचतं. फ्लोरो महागही आहे आणि वर्षानुवर्षं कुजत नाही, तुकडे काठावर टाकू नका, खिशात घाला.

गाठीबद्दल थोडं कडक बोलतो. ओढण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली की घासून तापते आणि तिथेच कमकुवत होते. फेकताना टिपेटवर आपोआप निरगाठ पडते, त्याने ताकद निम्म्यावरही येऊ शकते, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने टिपेट बोटांतून फिरवून बघा आणि गाठ लागली तर सोडवत बसू नका, कापा. बारा हजार फुटांवर पहाटे बोटं गारठलेली असतात, म्हणून लीडरला टिपेट जोडायची सर्जन्स नॉट ही गाठ घरीच डोळे मिटून बांधता येईपर्यंत घोटवा.

न्यायची फक्त तीन रिळं: ३, ४ आणि ५ एक्स. फिशिंग परमिट आधी काढून ठेवा. गेल्या वर्षीचं नायलॉन उन्हात पडलेलं असेल तर दुकानात घेऊन या, समोर ओढून बघू, तुटलं तर टाकून द्यायचं.