नागरी विकासकामे : निधी, निविदा आणि मोजमाप

महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती आपल्या हद्दीत रस्ते, गटारे, जलवाहिन्या, पथदिवे, पदपथ, उद्याने, स्मशानभूमी अशी जी बांधकामे व दुरुस्त्या लोकांच्या पैशातून करून घेतात, त्यांना महाराष्ट्रात सर्रास ‘विकासकामे’ म्हटले जाते. पालिका स्वतःच्या कामगारांकडून फार थोडे बांधकाम करवून घेते. ती काम ठरवते, पैशाची तरतूद करते, निविदा काढून ठेकेदार नेमते आणि झालेले काम मोजून बिल देते. काम टिकणार की पहिल्या पावसात वाहून जाणार, हे बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे मोजमापावर ठरते. सभागृहातली आणि वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र मंजुरी आणि निविदेपाशीच थांबते. म्हणून या नोंदीत मोजमापाला जरा जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका

शहराच्या कामांवर होणाऱ्या खर्चाला लगाम कोणी घालायचा, हा वाद मुंबईत १८७१ मध्ये पेटला. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी गटारे, रस्ते, मंडई अशी कामे धडाक्याने केली, शहराची साफसफाई सुधारली, पण पालिका कर्जात बुडाली आणि करदाते खवळले. फिरोजशहा मेहता तेव्हा तरुण बॅरिस्टर होते. कमिशनरचे पदच काढून टाका, असे अनेकांचे म्हणणे असताना मेहतांनी उलट बाजू मांडली: कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची सभा आली आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. खर्चावर नजर ठेवण्यासाठी लहान टाउन कौन्सिल नेमण्यात आले. पुढे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात त्याच कल्पनेतून स्थायी समिती उभी राहिली. आयुक्त काम करवणार आणि समिती पैसा मंजूर करणार, ही आजची विभागणी तिथूनच आली आहे.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदारही होते, त्यामुळे दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना कागदावरून नव्हे, कामावरून कळत होता. पालिकेने मोठी मंडई बांधण्याचे ठरवले तेव्हा हा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे मार्केट या नावाने उभी राहिली आणि पुढे तिला फुल्यांचेच नाव देण्यात आले. पैसा मर्यादित असताना कोणते काम आधी, हा त्यांचा प्रश्न आजही प्रत्येक अंदाजपत्रकात असतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यातील इतर महापालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम लागू झाला. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नेमून दिले. रस्ते व पूल, पाणीपुरवठा, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा हे विषय त्यात आहेत. विषय मिळाले, पण त्यांच्या बरोबरीने पैसा आला नाही. आजची बरीच दुखणी याच फटीतून निघाली आहेत.

पैसा कुठून येतो

घरपट्टी आणि पाणीपट्टी ही पालिकेची हक्काची कमाई. मुंबईत २०१० पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते. त्याखेरीज बांधकाम परवानगीतून मिळणारे विकास शुल्क, मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार, गाळ्यांची भाडी. मोठ्या महापालिकांचा खरा आधार मात्र दीर्घकाळ जकात हाच होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकातही संपली. त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देते आणि तीत दर वर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. पैसा येतो, पण नाक्यावर रोज जमा होणारी रोकड जाऊन सरकारकडून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहणे पालिकांच्या नशिबी आले.

लहान नगरपरिषदांची स्थिती आणखी अवघड आहे. त्यांच्या घरपट्टीतून पगार आणि वीजबिल भागले तरी पुष्कळ झाले. नवे काम होते ते बहुधा अनुदानातून: नगरोत्थान महाअभियान, दलित वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण योजना, केंद्राचे अमृत अभियान, वित्त आयोगाचा निधी. प्रत्येक निधीचा आपला हेका असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधील ठेवला. उरलेले ४० टक्के अबंधित, तरी त्यातून पगार देण्यास मनाई केली. गावाला मैलापाण्याच्या वाहिनीची निकड असते आणि हाती आलेला निधी चौक सुशोभीकरणाचा असतो, असे प्रसंग मुख्याधिकाऱ्यांना नवे नाहीत. मग कारंजे होते आणि वाहिनी राहते.

भांडवली बाजारातून पैसा उभारण्याचे ठळक उदाहरण पुण्याचे. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाचे, दहा वर्षे मुदतीचे २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटी उभारण्याचा बेत होता. ज्या पालिकेचे हिशेब स्वच्छ आणि पतमानांकन चांगले, तिलाच ही वाट मोकळी असते.

अंदाजपत्रक, ‘स’ यादी आणि वर्गीकरण

महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते आणि मुख्य सभा ते मंजूर करते. १९४९ च्या अधिनियमाखालील महापालिकांत स्थायी समितीचे सदस्य १६ असतात. नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी ही जोडी असते. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांना पुण्यात ‘स’ यादीतली कामे म्हणतात. वर्षभरात एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवला की ते ‘वर्गीकरण’. दिवाळीनंतर वर्गीकरणाचे प्रस्ताव वाढू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा ढीग पडतो. निधी ३१ मार्चला व्यपगत होऊ नये म्हणून त्या दोन महिन्यांत ज्या घाईने पेव्हर ब्लॉक बसतात, त्या घाईत नीट काम होणे कठीणच.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडूनही कामे मागवायला सुरुवात केली. ५ लाख रुपयांपर्यंतचे काम कोणीही सुचवू शकतो: पदपथ, बाक, बसथांबा, दिव्याचा खांब. रक्कम लहान आहे, तरी आपल्या गल्लीतले काम अंदाजपत्रकात छापून आलेले पाहिल्यावर माणूस त्या कामावर लक्ष ठेवू लागतो, म्हणून हा उपक्रम मोलाचा आहे.

२०२२ पासून मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत निवडणुका लांबल्या आणि काही वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. आयुक्त, स्थायी समिती आणि मुख्य सभा या तिघांचे अधिकार एकाच खुर्चीत आले. १८७१ मध्ये मागितलेला अंकुश त्या काळात नव्हता.

इस्टिमेटपासून कार्यादेशापर्यंत

कनिष्ठ अभियंता जागा पाहून, टेप लावून इस्टिमेट तयार करतो. खोदाई, खडी, काँक्रीट, पाइप अशा प्रत्येक बाबीचा दर दरसूचीतून, म्हणजे बोलीभाषेत ‘डीएसआर’मधून घेतला जातो. काम करायचे आहे आणि पैसा आहे, असे सांगते ती प्रशासकीय मान्यता. आराखडा व आकडे बरोबर आहेत, असे सांगते ती तांत्रिक मंजुरी. त्यानंतर राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा निघते.

दोन पाकिटांची पद्धत रूढ आहे. पहिल्या पाकिटात नोंदणी, अनुभव, यंत्रसामग्री, बयाणा रक्कम यांचे कागद असतात. त्यात जो पात्र ठरतो त्याचेच दुसरे, दराचे पाकीट उघडले जाते. ठेकेदार इस्टिमेटच्या रकमेपेक्षा इतके टक्के ‘बिलो’ किंवा ‘अबव्ह’ असा दर भरतो. फार खाली दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेतात, कारण पंचवीस-तीस टक्के बिलो काम घेणारा ते पैसे कुठून तरी काढणार आणि ती जागा बहुधा थराची जाडी किंवा सिमेंटचे प्रमाण असते. उलट टोकाला ठेकेदारांची ‘रिंग’ असते: कोणते काम कोणी घ्यायचे हे आधीच ठरवून बाकीचे नावापुरते चढे दर भरतात. एकाच कामाचे तुकडे पाडून ते ई-निविदेच्या मर्यादेखाली आणणे, पात्रतेच्या अटी एकाच्याच मापाने शिवणे, या युक्त्याही जुन्याच. नगरसेवकाला पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा ठेवता येत नाही. तसे सिद्ध झाले तर पद जाते.

निविदेला फाटा देण्याची मुभाही कायद्यात आहे. अचानक ओढवलेल्या आपत्तीत आयुक्तांना १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ६७ खाली तातडीने काम करवून घेता येते. भिंत कोसळली, जलवाहिनी फुटली, तर निविदेची मुदत पाहत बसणे शक्य नसते. दर वर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या पावसाळ्याच्या कामांसाठी मात्र या कलमाचा आधार घेतला गेला, तर तो दुरुपयोगच होय.

दर स्वीकारला गेला की अनामत भरून करारनामा होतो आणि कार्यादेश निघतो. मुदत, दंड, दोषदायित्व कालावधी हे सारे करारात असते. दोषदायित्वाच्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ती तारीख पालिकेत कोणाच्या तरी लक्षात असली पाहिजे, एवढाच त्यातला कच्चा दुवा. तसे नसेल तर त्याच खड्ड्यासाठी नवी निविदा निघते.

मोजमाप पुस्तिका

पालिकेच्या बांधकाम विभागातले सर्वांत महत्त्वाचे दप्तर म्हणजे मोजमाप पुस्तिका, म्हणजेच ‘एमबी’. तिची पाने क्रमांकित असतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन प्रत्येक बाबीची लांबी, रुंदी आणि जाडी तीत लिहायची, उपअभियंत्याने त्यातला काही भाग स्वतः तपासायचा. चुकले तर खाडाखोड चालत नाही. रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहायचा आणि सही करायची. या पानांवरून काम चालू असतानाचे रनिंग बिल आणि शेवटी अंतिम बिल तयार होते. एमबीत नोंद नसेल तर पैसे नाहीत.

अडचण झाकल्या जाणाऱ्या कामात असते. गटाराच्या पाइपखाली काँक्रीटची गादी घालायची असते. माती लोटली की ती होती की नव्हती हे कोणालाच दिसत नाही. म्हणून झाकण्याआधीच मोजमाप घ्यावे, असा नियम आहे. पण एका कनिष्ठ अभियंत्याकडे एकाच वेळी डझनभर कामे असतात आणि माती त्याची वाट पाहत थांबत नाही. मग इस्टिमेटमधलेच आकडे एमबीत उतरतात. अशा पुस्तिकेत सगळी मापे अगदी तंतोतंत जुळतात. जाणत्या लेखापरीक्षकाला तिथेच शंका येते, कारण खऱ्या खोदाईत खडक लागतो, वळण घ्यावे लागते आणि आकडे कधीच इतके गुळगुळीत येत नाहीत.

काँक्रीटची ताकद पाहण्यासाठी ओतकामाच्या वेळीच १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून घेतात आणि २८ दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडतात. ठोकळा त्याच काँक्रीटचा आहे ना, याला एकच खात्री असते: तो भरताना अभियंता उभा होता का. डांबरी रस्त्यात गोल कापणीयंत्राने गाभा काढतात. हातात येणाऱ्या त्या काळ्या दंडगोलावर पट्टी धरली की थराची जाडी कळते आणि तिथे वाद उरत नाही.

नजर कमी पडते म्हणून बाहेरच्या संस्थेकडून होणारे त्रयस्थ तांत्रिक परीक्षण आले. तेही पुरेसे नाही, हे मुंबईत २०१६ मध्ये दिसले. ३४ रस्त्यांच्या चौकशीत कामे निकृष्ट आढळली आणि गुन्हे दाखल झाले ते ठेकेदारांबरोबर त्रयस्थ परीक्षकांवरही. तपासणाऱ्याला तपासणारा नेमत गेल्याने साखळी लांबते. जागेवर उभा राहणारा अभियंता वाढवणे हा साधा उपाय मात्र रिक्त पदांच्या यादीत अडकून राहतो.

ठेकेदाराची बाजूही नोंदवली पाहिजे. लहान पालिकांत बिले महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे थकतात. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेला तरुण किंवा मजूर सहकारी संस्था उधारीवर सिमेंट आणते आणि पालिकेकडून पैसे येईपर्यंत व्याज भरते. हे व्याज पुढच्या निविदेत दरात तरी चढते, नाहीतर कामाच्या दर्जातून वसूल होते. वेळेवर बिल देणारी पालिका कमी दरात चांगले काम मिळवते.

न्यायालये आणि नागरिक

खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. सुस्थितीतले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे २०१८ मध्ये स्पष्ट केले. खड्डे बुजले नाहीत तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने भरपाईच ठरवून दिली: खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. ही रक्कम दोषी अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करण्याचा मार्गही खुला ठेवला.

पालिकेचे हिशेब मुख्य लेखापरीक्षक आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतात. आक्षेप निघतात, पण ते निकाली निघेपर्यंत रस्ता दुसऱ्यांदा झालेला असतो. त्यामानाने माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी असलेले साधन आहे. या कायद्यातल्या माहितीच्या हक्काच्या व्याख्येतच चालू कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे समाविष्ट आहे. बहुतेक अर्जदार केवळ कागदांच्या प्रती मागतात. आपल्या दारासमोरच्या कामाचे इस्टिमेट, कार्यादेश, एमबीची पाने आणि ठोकळ्यांचे चाचणी अहवाल एकत्र मागितले, तर चारही कागदांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि ते जुळत नसतील तर त्याच कायद्याखाली रस्त्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.