चावी मागू नका

परवा ओळखीतल्या एका मुलाचा मेसेज आला. "काका, तुमचं ते फोटो लहान करणारं फंक्शन आमच्या अकाउंटमधून चालवायचंय. तुमची ॲक्सेस की पाठवता का?" मी नाही म्हटलं, तर त्याला वाटलं, काका हातचं राखतायत. ॲक्सेस की म्हणजे माझ्या अकाउंटची चावी. एकदा पाठवली, तर मी बंद करेपर्यंत ती चालत राहते, आणि नोंदवहीत काम त्याचं, नाव माझं. शिवाय चावी न देताही हे काम होतं.

ते फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा छोटा प्रोग्राम, ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या लॅम्डा या सेवेवर आहे. ही सेवा २०१४ मध्ये जाहीर झाली. आपण फक्त कोड द्यायचा. काम आलं की तो जागा होतो, एका खेपेला जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतो आणि पैसे वापरापुरतेच लागतात. याला 'सर्व्हरलेस' म्हणतात, पण सर्व्हर असतातच, फक्त ते सांभाळायची कटकट आपली नसते.

आता परवानगीचं. एकाच अकाउंटमधलं काम असेल तर साधारणपणे एका बाजूची परवानगी पुरते. अकाउंट दोन असली की मामला बँकेच्या लॉकरसारखा, किल्ल्या दोन्ही लागतात. 'हे फंक्शन बोलाव' असं त्याच्या अकाउंटने त्याच्या प्रोग्रामला सांगायचं, आणि 'याला येऊ द्या' असं माझ्या फंक्शनला जोडलेल्या धोरणात, म्हणजे परवानग्यांच्या यादीत, लिहिलेलं हवं. एक बाजू गप्प असली तरी उत्तर 'नाही'. आणि कुठेही स्पष्ट मनाई लिहिलेली असेल, तर बाकी सगळं रद्द.

इथवर सोपं आहे. खरी मजा मध्यस्थ आला की सुरू होते.

नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एका छोट्या लेखात ही गंमत सांगितली. एका सामायिक संगणकावर कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, होता. वापराची आकडेवारी नोंदवता यावी म्हणून त्याला एका खास फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये. वापरणाऱ्याला आपला तपासणीचा मजकूर कुठल्या फाइलमध्ये हवा ते सांगता यायचं. एकाने सांगितलं, बिलांच्या फाइलमध्ये. त्या माणसाला तिथे लिहायचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. संगणकाने कंपायलरचा अधिकार पाहिला, ठीक म्हटलं, आणि बिलं पुसली गेली. कुलूप कुणी फोडलं नाही. कंपायलर हा इथे वापरणाऱ्याचा मुखत्यार. तो प्रामाणिक होता, फक्त सही कुणाच्या वतीने करतोय हे त्याने पाहिलं नाही. या घोटाळ्याला हार्डी यांनी 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' म्हटलं, मी 'गोंधळलेला मुखत्यार' म्हणतो.

लॅम्डाच्या दारात असा मुखत्यार रोज उभा असतो. एसथ्री या साठवणुकीच्या सेवेत फोटो पडला की माझं फंक्शन जागं होतं. त्याला बोलावणारी एसथ्री, आणि ती तर जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी राबते. मी धोरणात नुसतं 'एसथ्रीला येऊ द्या' लिहिलं, तर भलताच कुणी आपल्या बकेटमधून, म्हणजे एसथ्रीतल्या आपल्या कप्प्यातून, तिला माझ्या दारी धाडेल. म्हणून बकेटचं नाव लिहायचं. तेही पुरत नाही! बकेटच्या पत्त्यात अकाउंटचा नंबर नसतो. मी बकेट पुसली आणि उद्या तेच नाव दुसऱ्याने घेतलं, तर माझी जुनी परवानगी आयती त्याच्या पदरात. म्हणून तिसरी अट, बकेट ज्याची त्याच्या अकाउंटचा १२ आकडी नंबर.

खंडेनवमीला सर्व्हरला झेंडू वाहायला माझी ना नाही. पण असल्या घोटाळ्यावर 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन'ची जाहिरात म्हणजे दाराला टांगलेली लिंबू-मिरची. इथे सांकेतिक मजकूर कुणी उलगडलेलाच नसतो. रीतसर मिळालेली परवानगी भलत्याच्या कामाला येते.

बाहेरच्या कंपनीला आपल्या अकाउंटमध्ये काम करू द्यायचं असेल, तर 'रोल' देतात, म्हणजे ठरावीक परवानग्या जोडलेली एक ओळख. कंपनी तो रोल धारण करते आणि तिला तात्पुरती ओळखपत्रं मिळतात, एरवी तासाभराची. पण तिच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाने आपला म्हणून माझ्या रोलचा पत्ता दिला तर? पुन्हा तोच मुखत्यार. त्यावर उपाय 'एक्स्टर्नल आयडी'. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा आयडी देते. मी तो माझ्या रोलच्या अटीत लिहितो, आणि रोल मागताना कंपनीने त्या-त्या गिऱ्हाइकाचा आयडी सोबत पाठवायचा. दुसऱ्याचा आयडी माझ्या अटीशी जुळत नाही, दार बंद. हा पासवर्ड नव्हे. नुसता कळून उपयोग नाही, कारण कुठल्या गिऱ्हाइकासाठी कुठला पाठवायचा हे कंपनीच ठरवते.

त्या मुलासाठी शेवटी तीनच गोष्टी लिहिल्या: त्याच्या अकाउंटमधला एक ठरावीक रोल, 'इन्व्होक फंक्शन' (फंक्शन बोलावणं) ही एकच कृती, आणि ते एकच फंक्शन. अख्ख्या अकाउंटला परवानगी दिली असती, तर आत कुणाला सोडायचं हे तिकडचा ॲडमिन ठरवत बसला असता.

रात्री त्याचा पुन्हा मेसेज. "काका, चाललं! बिल कुणाला येणार?"

ज्याचं फंक्शन त्याला. म्हणून एका वेळी फंक्शनच्या पाचच प्रती चालतील अशी मर्यादा घालून मगच झोपलो.