बार जिथे, चट्टा तिथे

तंबाखू खाणाऱ्याने तोंड उघडलं की दंतवैद्य विचारतात, 'बार कुठे धरता?' बार म्हणजे चुना लावून मळलेली, ओठाआड दाबून ठेवलेली तंबाखूची चिमूट. पुष्कळदा उत्तर ऐकायची गरजच पडत नाही. खालचा ओठ बोटाने बाहेर ओढला की ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खळगीत पांढुरका, चुण्या पडलेला पट्टा दिसतो. ओहोटीनंतर पुळणीवर वाळूच्या वळ्या उरतात, तसा. विडी-सिगारेटचा धूर तोंडभर फिरतो, पण बार तासन्‌तास एकाच जागी ठाण मांडून बसतो. म्हणून खूणही तिथेच उमटते.

गालाच्या आणि ओठाच्या आतलं अस्तर एरवी गुलाबी असतं, कारण त्यावर केराटिनचा (नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा) जाड थर नसतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर उमटतो. तंबाखूने सतत डिवचल्या गेलेल्या पेशी बचावासाठी केराटिन तयार करू लागतात. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो, त्यातलाच हा प्रकार. तळहातावरचा घट्टा कोरडा असतो, तोंडातला लाळेत भिजत राहतो आणि भिजलेलं केराटिन पांढरं दिसतं. तोंडात बुरशी झाली तरी पांढरे डाग येतात, पण ते सहसा कापसाच्या बोळ्याने पुसले जातात. हा चट्टा पुसला जात नाही.

चुन्याचं काम वेगळं. त्याने तंबाखू अल्कधर्मी होते. अशा वातावरणात निकोटीनच्या रेणूंवरचा विद्युतभार जातो आणि ते अस्तरातून भराभर रक्तात उतरतात. किक बसते ती यामुळे. शिवाय चुना स्वतः अस्तराला भाजतो ते वेगळंच.

'बिनधुराची' म्हणजे बिनधोक, असा समज अजूनही भेटतो. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यातल्या निकोटीनसारख्या द्रव्यांपासूनच नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक रसायनं तयार होतात. त्याला विस्तवाची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात बिनधुराच्या तंबाखूत कर्करोगकारक ठरलेली २८ द्रव्यं नोंदवली आहेत.

जाता जाता एक गल्लत दूर करायला हवी. तोंड हळूहळू कमी उघडू लागणं, तिखट न सोसणं, गाल आतून ताठ होणं हा आजार मुख्यतः सुपारीचा. दोन्ही एकत्र खाल्ल्या जातात, म्हणून दोष सरसकट तंबाखूवर जातो आणि नुसती सुपारी खाणारा निर्धास्त राहतो.

मला सगळ्यात घातक वाटतं ते 'दुखत नाही ना, मग काय झालं?' हे वाक्य. घट्टा दुखत नाही, आणि सुरुवातीचा कर्करोगही बहुधा दुखत नाही. त्यामुळे दुखण्यापेक्षा रंग आणि पोत पाहावा. एकसारखा पांढरा, सपाट चट्टा तुलनेने सौम्य. पांढऱ्यात लाल ठिपके, चामखिळीसारखा खरखरीतपणा, बोटाला लागणारा टणकपणा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर तपासणी लांबवू नये. नुसता लाल, मखमली डाग सर्वांत वाईट. त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुतेक वेळा पेशी गंभीररीत्या बिघडलेल्या किंवा कर्करोगाच्याच निघतात.

बार धरणं थांबवलं की साधा चट्टा बहुधा दोन ते सहा आठवड्यांत विरतो, कारण हे अस्तर सतत नवं होत असतं. तेवढ्यात गेला नाही, तर तुकडा काढून तपासतात. चट्टा गेला तरी शेजारची हिरडी मात्र खाली सरकलेलीच राहते, आणि उघड्या पडलेल्या मुळाला गार पाणी लागलं की कळ येते.