रक्त बाहेर आलं, म्हणून डोकं वाचलं?

घोडबंदर रोडवर दुचाकी खड्ड्यात आपटून कुणाचं डोकं फुटलं, की बघ्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रक्त बाहेर आलं ना, बरंच झालं. आत साठलं असतं तर गेलाच असता." या समजुतीला काडीचाही आधार नाही.

बाहेर वाहतं ते डोक्याच्या कातडीतलं रक्त. तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं दाट, म्हणून छोट्या खोकेनेही शर्ट भिजतो. आतला रक्तस्राव कवटीच्या पलीकडचा. एकाच अपघातात दोन्ही होऊ शकतात. बाहेर ओरखडाही नसताना नुसता आतलाही.

सगळ्यात फसवी जागा कानशिलाची. तिथलं हाड पातळ आणि आतून त्याला लागूनच एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, तर कधी कधी माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, चहा घेतो, घरी फोनसुद्धा करतो. मग काही तासांनी गुंगीत जातो, कारण तोवर साठलेलं रक्त मेंदूला दाबत असतं. सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया वेळेत झाली, तर असा रुग्ण पूर्ण बराही होतो.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाका-कानातून पाणी: यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजोबा ठणठणीत वाटले तरी त्यांना दाखवून आणाच. म्हातारपणी रक्त हळूहळू साठून त्रास काही आठवड्यांनीही सुरू होतो. अपघातानंतर मदत येईपर्यंत जखमेवर स्वच्छ फडकं धरा, मान वळवू नका आणि पाणी पाजायची घाई नको.