पथकर आणि मोफत रस्ता (बेळगाव सीमाभाग)

लोकांच्या वहिवाटीचा मोफत सार्वजनिक रस्ता पथकराखाली आणण्यास मनाई करणारे किंवा त्यावर अटी घालणारे कायदे, आणि निपाणी–बेळगाव–खानापूर पट्ट्यात त्यांचा पडणारा प्रभाव.

थेट मनाईची उदाहरणे अमेरिकेत सापडतात. तिथल्या १९१६ च्या कायद्याने केंद्रीय निधीतून झालेले रस्ते टोलमुक्त ठेवले. पुढे अपवाद वाढत गेले. टेक्सास राज्यात चालू महामार्गावर टोल बसवायचा तर विनाटोल मार्गिका कमी होऊ नयेत, अशी अट आहे. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. उलट १८५१ चा टोल कायदा सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा नुसत्या दुरुस्त केलेल्या रस्त्यावरही टोल घेऊ देतो. पिढ्यान्‌पिढ्या फुकट वापरलेला रस्ता टोलखाली जाण्याची वाट तिथेच मोकळी होते. राष्ट्रीय महामार्गांवरील वसुली मात्र १९५६ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार होते.

सीमाभागात या प्रश्नाचे केंद्र म्हणजे जुना पुणे–बंगळूर रस्ता. तो चौपदरी झाला आणि त्यावर कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी हे नाके उभे राहिले. बेळगाव–खानापूर रस्त्यावर गणेबैलचा नाका आहे. स्थानिकांना आधार आहे तो राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांचा. एकाच दिशेच्या दोन नाक्यांत साधारणपणे ६० किलोमीटर अंतर हवे, दुचाकी व ट्रॅक्टरला शुल्क नाही, आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खाजगी गाडीला सवलतीचा मासिक पास (२००७-०८ च्या पायाभूत दराने १५० रुपये, पुढे दरवर्षी वाढ). यात एक खोच आहे: सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल, तर पास देता येत नाही. म्हणजे सवलतीचा वाद शेवटी त्या बाजूच्या रस्त्याच्या अवस्थेवर येऊन ठेपतो.

राज्यसीमेचा पेच कोगनोळीला नीट दिसतो. पास राहण्याच्या अंतरावर मिळतो, म्हणून महाराष्ट्रातील कागलची एमएच-०९ (कोल्हापूर) नोंदणीची खाजगी मोटार निपाणीकराच्या मोटारीइतकीच पात्र ठरते. पण व्यावसायिक वाहनाची निम्म्या दराची सवलत नाका ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या नोंदणीवर मिळते. नाका बेळगाव जिल्ह्यात असल्याने निपाणीचा केए-२३ टेम्पो अर्ध्या पैशांत सुटतो आणि हाकेच्या अंतरावरच्या कागलचा टेम्पो पूर्ण भरतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सीमाभाग नव्हता, एवढे तरी म्हणता येईल. शिवाय सीमावाद तापला की नाकाच अडवणुकीची जागा होतो: ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली होती.

रस्त्याचा खर्च वसूल झाल्यावर शुल्क ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद याच नियमांत होती. २०२३ च्या दुरुस्तीने तीही गेली. न्यायालयांनी मात्र अलीकडे टोल रोखला आहे. दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गावरील वसुली बंद करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कायम केला. केरळातील पालियेक्करा नाक्यावर खराब रस्त्यामुळे उच्च न्यायालयाने वसुली काही काळ थांबवली, तो आदेशही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला.

सीमाभागात मात्र टोलविरोधाची गोष्ट निघाली की दाखला कोल्हापूरचा दिला जातो. तिथे शहरांतर्गत रस्त्यांवर खाजगी कंपनीचा टोल बसला. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समितीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले, तेव्हा पानसरे हयात नव्हते.