पार्श्वभूमी : उन्हाची धग रात्रीपर्यंत

‘सौर औष्णिक’ या शब्दातच घोळ आहे. ‘औष्णिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोराडी-चंद्रपूरचा कोळसा येतो. इथे कोळशाच्या जागी आरसे असतात; पुढची वाफ, टर्बाइन तीच. आरशांनी तापवलेलं काही साठवून ठेवलं, तर वाफ रात्रीही करता येते.

कॅलिफोर्नियात 1984 साली ही धग तेलाच्या टाकीत साठवली. 1999 मध्ये तिथे आग लागली. तोवर तिथल्याच बार्स्टोजवळच्या प्रयोगात तेलाऐवजी वितळलेलं ‘मीठ’ आलं होतं. हे खायचं मीठ नव्हे. साठ टक्के सोडियम नायट्रेट आणि चाळीस टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट) यांचं हे मिश्रण 565 अंशांनाही पातळच राहतं. स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ 2009 पर्यंत असा 50 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. त्यात 28,500 टन मीठ आणि साडेसात तासांची साठवण होती.

म्हणूनच 2010 चा आपला निर्णय खटकतो. राष्ट्रीय सौर मोहिमेत सात प्रकल्पांना मिळून 470 मेगावॅट सौर औष्णिक क्षमता वाटून दिली गेली, पण साठवणीची अट घातली नाही. बोली फक्त युनिटच्या दरावर होती : 10.49 ते 12.24 रुपये. दुपारच्या आणि रात्री आठच्या युनिटला एकच भाव मिळणार असेल, तर टाकीवर पैसा कोण घालणार? त्यात राजस्थानचं थेट ऊन कागदावरच्या अंदाजापेक्षा कमी भरलं आणि उन्हाची थेट वीज करणारे सौर पॅनेल झपाट्याने स्वस्त झाले. सातांपैकी तीनच प्रकल्प उभे राहिले, तेही साठवणीविना. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याला पॅनेलची वीज युनिटला 2.44 रुपयांवर आली आणि सौर औष्णिक महाग, असा निकाल लागला. ज्या गुणासाठी हे तंत्र घ्यायचं, तोच वगळून लावलेला हा निकाल होता. अमेरिकेत नेवाडातल्या मोठ्या सौर औष्णिक प्रकल्पात 2016 मध्ये मिठाची टाकी गळली आणि काम कित्येक महिने बंद पडलं, तेही या निकालाच्या पथ्यावर पडलं.

आबू रोडला मात्र एका आध्यात्मिक संस्थेने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येकी साठ चौरस मीटरच्या 770 तबकड्या सूर्यामागे वळतात आणि ऊन बिडाच्या गोळ्यावर एकवटतात. गॅस बंद केल्यावरही बिडाच्या तव्यावर शेवटची भाकरी भाजून निघते, तशीच ही धग टिकते. सूर्य मावळल्यावर त्यातल्या नळ्यांत पाणी सोडलं की वाफ होते. प्रकल्प एकाच मेगावॅटचा आहे, पण साठवण सोळा तासांची.