दुवा देणाऱ्यांची परंपरा

मित्राने फावल्या वेळात घडवलेली एखादी वस्तू, किंवा महाजालावर अवचित सापडलेले एखादे पान, चार माणसांपुढे ठेवून ‘हे पाहा’ म्हणण्याची सवय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. मराठीत या जोडणीसाठी ‘दुवा’ हा शब्द रुळला. साखळीतला दुवा आणि आशीर्वाद या अर्थाचा, अरबीतून आलेला दुवा हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. तरीही इथे मला दोन्ही अर्थ लागू पडतात असे वाटते, कारण दुवा देणारा माणूस दुसऱ्याच्या कामामागे आपला शब्द उभा करत असतो.

ही रीत महाजालाने निर्माण केली नाही. अमेरिकेत १८७६ साली फिलाडेल्फियात हौशी मुद्रकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा घरच्या छोट्या यंत्रावर छापलेली पत्रके एकमेकांना टपालाने पाठवणे हाच तिच्या सभासदांचा मुख्य व्यवहार होता. मुंबईत १९५४ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. प्रस्थापित मासिकांच्या दारात ताटकळत न बसता मित्राची कविता मित्रांनीच वाचकांच्या हाती द्यायची, हा त्यामागचा विचार पुढे साठच्या दशकातल्या अनेक अनियतकालिकांत दिसतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेब उभारले आणि ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची माहिती संस्थेबाहेरच्या लोकांना दिली, तेव्हा शोधयंत्र नव्हते. कोणते पान कुठे आहे हे कळण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे कुणीतरी सांगणे. म्हणून बर्नर्स-ली यांनीच विषयवार याद्यांची सुरुवात केली आणि पुढे त्या स्वयंसेवकांनी वाटून घेतल्या. ‘मोझेक’ हा ब्राउझर तयार करणाऱ्या इलिनॉय विद्यापीठातील केंद्राने जून १९९३ पासून ‘नवे काय’ असे एक पान चालवले. कोणी नवे संकेतस्थळ उघडले की ते तिथे कळवायचे आणि त्याची तारीखवार नोंद व्हायची. नवीन काय आले आहे ते एका पानावर वाचून संपवता येईल, एवढे ते जग लहान होते.

जानेवारी १९९४ मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयात शिकणाऱ्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने आपल्याला आवडलेल्या दुव्यांचे पान सुरू केले आणि त्यातच स्वतःच्या आयुष्याबद्दलही मोकळेपणाने लिहिले. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन मित्रांनी अभ्यास बाजूला सारून आवडत्या संकेतस्थळांची यादी केली. तिचे पहिले नाव ‘जेरी आणि डेव्हिड यांची मार्गदर्शिका’ अशा अर्थाचे होते. ‘याहू’ हे नाव काही महिन्यांनी आले.

या परंपरेला स्वतःचा साहित्यप्रकार मिळाला तो डिसेंबर १९९७ मध्ये. यॉर्न बार्गर यांनी आपल्या रोजच्या वाचनातल्या दुव्यांच्या नोंदवहीला ‘वेबलॉग’ म्हटले आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्या शब्दाची गमतीने फोड केली, त्यातून ‘ब्लॉग’ हा शब्द निघाला. ब्लॉग म्हटले की आज आपल्याला लेख आठवतो, आणि मराठीत त्याला ‘अनुदिनी’ म्हणणाऱ्यांच्या मनातही दैनंदिनीच असावी. परंतु सुरुवातीच्या ब्लॉगमध्ये मुख्य गोष्ट होती दुवा. नोंद एखाद-दोन ओळींची असे. पान कशाबद्दल आहे आणि ते का उघडावे, एवढेच त्यात सांगितलेले असे. ज्याच्याकडून दुवा मिळाला त्याचे नाव शेवटी ‘यांच्याकडून’ असे नोंदवण्याचा शिष्टाचारही याच काळात पडला. १९९९ च्या आरंभी ज्ञात वेबलॉगांची जी यादी प्रसिद्ध होती, तिच्यात फक्त २३ नावे होती. एवढ्या छोट्या वर्तुळात कोणी काय शोधून काढले हे सर्वांना ठाऊक असे, त्यामुळे श्रेय लपवणे शक्यही नव्हते आणि शोभणारेही नव्हते.

वर्तुळ वाढले तसा आणखी एक प्रश्न पुढे आला: माणसाने स्वतःचे किंवा आपल्या मित्राचे काम पुढे करावे का? मॅट हॉई यांनी जुलै १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘मेटाफिल्टर’ या सभासदांनी मिळून लिहायच्या दुव्यांच्या ब्लॉगने मुख्य पानावर त्याला साफ मनाई केली, कारण शिफारस आणि जाहिरात यांतली रेघ पुसली गेली तर दुव्यावरचा विश्वासच उडेल. तरीही सभासदांचे स्वतःचे उद्योग कुठेतरी दिसायला हवेत, हे मान्य करून २००५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा विभाग उघडण्यात आला. ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. तिथे निर्मात्याने आपले काम मांडायचे, आणि दुसऱ्या कुणाला ते भावले तर त्याने ते मुख्य पानावर न्यायचे.

जोशुआ शाक्टर यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ते ‘मीमपूल’ नावाचे दुव्यांचे संकेतस्थळ चालवत आणि वाचक त्यांना सतत पत्ते पाठवत. ते सगळे त्यांनी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवले होते. पत्त्यापुढे एक चिन्ह आणि ‘गणित’ यासारखा एखादा शब्द, म्हणजे पुढे शोधायला सोपे. मॉर्गन स्टॅन्लीतली नोकरी सांभाळून त्यांनी २००३ मध्ये याच खासगी सवयीचे ‘डिलिशस’ हे सार्वजनिक साधन केले. त्यात ‘टॅग’च्या, म्हणजे पत्त्यापुढच्या त्या खुणेच्या शब्दाच्या, जागी मित्राचे नाव एका ठराविक रीतीने लिहिले की तो दुवा थेट त्या मित्राच्या खात्यात जाऊन पडे. जगाला दाखवणे आणि एकाच माणसाला ‘हे तुझ्यासाठी’ म्हणणे, दोन्ही एकाच चौकटीत बसवलेले होते. डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतले. पुढे त्याचे मालक बदलत गेले आणि जून २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या एका माणसाच्या छोट्या सेवेने ते ३५ हजार डॉलरना घेऊन केवळ वाचनापुरते उघडे ठेवले.

दरम्यान निवडीचे काम यंत्रांकडे सरकत होते. ‘गूगल’चे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली क्रमवारीची पद्धत माणसांनी हाताने दिलेल्या दुव्यांनाच मत मानून मोजत होती, हे आवर्जून लक्षात घ्यावे. फेसबुकची ‘न्यूज फीड’ सप्टेंबर २००६ मध्ये आली आणि ‘लाइक’चे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये. ‘का पाहावे’ हे सांगणारी ओळ लिहिण्याची गरज त्यानंतर झपाट्याने कमी झाली.

मराठीत हा प्रवास लिपीच्या अडचणीतून झाला. ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाली, पण युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची एकच संगणकीय अक्षरव्यवस्था, रुळेपर्यंत बहुतेक मराठी संकेतस्थळांचा फाँट वेगळा असे, आणि तो संगणकावर नसला तर समोर निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी उमटत. मित्राला दुवा पाठवताना ‘आधी फाँट उतरवून घे’ असे लिहावे लागे. युनिकोड आणि ‘गमभन’सारखी टंकनसाधने आल्यावर मराठी ब्लॉग भराभर वाढले. ‘मराठी ब्लॉग विश्व’वर त्यांच्या ताज्या नोंदी एकत्र दिसू लागल्या, आणि २००८ च्या सुमारास ‘रेषेवरची अक्षरे’ हा निवडक ब्लॉगलेखनाचा दिवाळी अंक काही वाचकांनी हौसेने काढला. इतरांचे लेखन शोधून, पारखून, नावानिशी पुढे ठेवणारा तो अंक म्हणजे या परंपरेचे अस्सल मराठी रूप होते.

त्यानंतर ही देवाणघेवाण मोठ्या प्रमाणात व्हॉट्सॲपच्या गटांत गेली. तिथे बहुधा दुवा जातच नाही. मजकूरच कापून पुढे जातो आणि लेखकाचे नाव वाटेतच गळते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, पण मजकूर मुळात कुणाचा आहे हे त्या खुणेतून कळत नाही. म्हणून हौसेने लिहिणारी कितीतरी माणसे आता कवितेखाली किंवा लेखाखाली स्वतःच एक ओळ जोडतात: ‘नावासह पुढे पाठवण्यास हरकत नाही.’